अवघडपणाची उतरंड

पाश्चात्त्य संगीताची थोडीबहुत गोडी असलेल्या आपल्या घरांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. पियानोसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोंपैकी सर्वांत अवघड कोणता? विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते: राखमानिनॉफचा तिसरा. त्याखाली ब्राम्सचा दुसरा, त्याखाली चायकोव्हस्कीचा पहिला, मग लिस्टचे दोन्ही, आणि पार तळाशी शुमान, ग्रीग, मेंडेल्सन. रोमँटिक अथवा स्वच्छंदतावादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालखंडाचे एवढे मोठे संगीतधन अशा रीतीने मडक्यांसारखे एकावर एक रचले जाते. ज्याचे मडके वर तो संगीतकार थोर, आणि ते वाजवणारा त्याहून थोर, असा निष्कर्षही मग हातासरशी काढला जातो. ही उतरंड मुळातच चुकीच्या मापाने रचलेली आहे, आणि आपल्या मुलांच्या कानांचे व हातांचे ती नुकसान करीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोणताही आडपडदा न ठेवता येथे मांडतो.

प्रारंभी शब्दाचा अर्थ पाहू. कॉन्चेर्टो म्हणजे एका वादकाने संपूर्ण वाद्यवृंदाशी केलेला संवाद. कधी सलोख्याचा, तर कधी हमरीतुमरीचा. त्याचे बहुधा तीन भाग असतात आणि तो वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत चालतो. आता यात ‘अवघड’ कशाला म्हणायचे? एखादी जागा बोटांना अवघड असते, एखादी खांद्यांना. एखादी स्मरणशक्तीची परीक्षा पाहते, एखादी कानाची. एखादी जागा एकट्याने वाजवताना अगदी सोपी वाटते आणि मागे साठ वादक बसले की तिच्यात पाय अडखळतो. हे सारे अवघडपण एका जातीचे नव्हे. त्या सर्वांना एकच माप लावणे म्हणजे गजाने दूध मोजण्यासारखे आहे.

राखमानिनॉफच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोपासूनच आरंभ करू, कारण उतरंडीचे शेंडीचे मडके तेच. कालगणनेने ही कृती विसाव्या शतकातली असली तरी वृत्तीने ती पूर्णपणे रोमँटिक आहे. १९०९ च्या उन्हाळ्यात इव्हानोव्हका या खेड्यातील वाड्यात त्याने ती लिहिली. अमेरिकेच्या दौऱ्यासाठी ती हवी होती आणि सरावाला वेळ उरला नव्हता. म्हणून जहाजावर, आवाज न करणाऱ्या मुक्या पट्ट्यांवर त्याने आपल्याच कृतीचा सराव केला. २८ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर डॅमरॉशच्या संचालनाखाली तिचे पहिले वादन झाले, आणि पुढच्याच जानेवारीत त्याच शहरात गुस्टाफ मालरच्या संचालनाखाली ती पुन्हा वाजली. ज्या योसेफ होफमानला ती अर्पण केली होती, त्या श्रेष्ठ वादकाने ती जाहीरपणे कधीच वाजवली नाही. पुढे व्लादिमिर होरोविट्झने ती जगभर नेली. १९९६ साली ‘शाइन’ हा चित्रपट आला, त्यातील भूमिकेसाठी जेफ्री रश याला ऑस्कर मिळाले, आणि हा कॉन्चेर्टो म्हणजे माणसाचे डोके फिरवणारा राक्षस, अशी समजूत ज्यांनी पियानोला कधी हात लावला नाही त्यांच्याही मनात घट्ट रुजली.

ही कृती अवघड आहे यात वाद नाही. चाळीस मिनिटांच्या अवधीत वादकाला उसंत अशी मिळतच नाही. कॉर्ड भरगच्च, स्वरांचे विणकाम दाट, आणि एका हातात दोन-दोन आवाज एकाच वेळी गात असतात. परंतु तिचा आरंभ ऐका. वाद्यवृंद हलकेच डुलत असतो आणि पियानोवर दोन्ही हात, एका सप्तकाच्या अंतराने, एकच साधी स्वरावली वाजवतात. कॉर्ड नाही, अलंकार नाही, धावपळ नाही. दोन वर्षे शिकलेल्या मुलालाही ते स्वर पट्ट्यांवर सापडतील. जोसेफ यासर या अभ्यासकाला त्या स्वरावलीत कीव्हच्या प्राचीन मठातील एका प्रार्थनागीताची छाया दिसली होती. स्वतः राखमानिनॉफने असे काही उसने घेतल्याचे नाकारले. पियानोने ती चाल गायकासारखी गावी एवढीच त्याची इच्छा होती. वादकाचे खरे रूप याच ठिकाणी उघडे पडते, कारण लपायला आडोसाच नसतो. आपल्या गायनवृंदांना हे वेगळे सांगायला नको. ऑर्गनच्या गजरात चार आवाजांचे ‘ग्लोरिया’ निभावून जाते. तेच गायक एखादे साधे स्तोत्र वाद्याविना गाऊ लागले की दुसऱ्या कडव्यात सूर कसा खाली घसरतो, हे मी वेदीपाशी उभा राहून पुष्कळदा ऐकले आहे.

आणखी एक गोष्ट उतरंडवाल्यांना अडचणीची आहे. पहिल्या भागातील कॅडेंझा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर वादकाने एकट्याने वाजवायचा विस्तार, राखमानिनॉफने दोन प्रकारे लिहिला: एक हलका व चपळ, दुसरा अजस्र कॉर्डांचा. स्पर्धांतून तरुण मंडळी मोठ्या हौसेने दुसरा निवडतात. १९३९-४० मध्ये फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करताना खुद्द संगीतकाराने मात्र हलका निवडला, आणि शिवाय कृतीतील काही भाग गाळलेही. होरोविट्झही हलकाच वाजवीत असे. जितके अवघड तितके थोर, हे सूत्र खरे मानले तर राखमानिनॉफने आपल्या कृतीची थोरवी आपल्याच हाताने कमी केली, असे म्हणावे लागेल. तसे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

चायकोव्हस्कीच्या पहिल्या कॉन्चेर्टोची कथा तर याहून बोलकी आहे. १८७४ साली, रशियन पंचांगाप्रमाणे ख्रिस्तजन्माच्या आदल्या सायंकाळी, त्याने आपली नवी कृती मॉस्कोच्या संगीतशाळेत निकोलाय रूबिनश्टाइनला वाजवून दाखवली. रूबिनश्टाइनने ती कवडीमोल ठरवली, आणि वाजवण्याजोगीच नाही असा निर्वाळा दिला. (नाताळच्या सायंकाळी मित्राला द्यायची भेट ही नव्हे, पण ते असो.) दुखावलेल्या चायकोव्हस्कीने ती हान्स फॉन ब्यूलोला अर्पण केली, आणि २५ ऑक्टोबर १८७५ रोजी बॉस्टनमध्ये ब्यूलोने ती वाजवली. पुढे काही वर्षांतच रूबिनश्टाइनने आपले मत बदलून ती स्वतः वाजवायला घेतली. १९५८ मध्ये तेवीस वर्षांच्या व्हॅन क्लायबर्नने मॉस्कोची स्पर्धा जिंकली ती याच कृतीने व राखमानिनॉफच्या तिसऱ्याने. आज संगीतशाळांतील अनेक विद्यार्थी ती वाजवतात. ‘अशक्य’ म्हणून जिची बोळवण झाली होती, ती एका आयुष्याच्या आत अभ्यासक्रमात जाऊन बसली. ज्या मापाचा आकडा असा पिढीगणिक बदलतो, त्याच्या आधारे कलाकृतींचा दर्जा कसा ठरवायचा?

या कृतीत लोकांना भुरळ पडते ती ऑक्टेव्हांची, म्हणजे दोन्ही हातांनी सप्तकाची दोन्ही टोके एकदम दाबीत विजेच्या वेगाने धावण्याची. ती पाहून सभागृह श्वास रोखते. पण हे अवघडपण डोळ्यांना दिसणारे आहे. ज्याचे मनगट मोकळे आहे आणि ज्याने नियमाने कष्ट केले आहेत, त्याच्या अंगी ते एक दिवस येते. याच कॉन्चेर्टोच्या मधल्या भागात एक अत्यंत द्रुत तुकडा आहे. तो पिसासारखा हलका वाजला पाहिजे आणि वाऱ्यासारखा निघून गेला पाहिजे. तिथे बोटांना अधिक ताबा लागतो, पण टाळ्यांसाठी जागाच नाही. म्हणून त्याचे नाव कोणी काढीत नाही. सुरुवातीच्या ज्या दणदणीत कॉर्डांवरून ही कृती सारे जग ओळखते, त्या पहिल्या आवृत्तीत तशा नव्हत्याच. त्यांचे स्वर एकामागोमाग उलगडत जात. आजचे रूप त्यांना नंतरच्या दुरुस्त्यांत लाभले.

ब्राम्सकडे वळलो की उतरंडीचा पायाच डळमळतो. त्याचा दुसरा कॉन्चेर्टो ९ नोव्हेंबर १८८१ रोजी बुडापेस्टमध्ये प्रथम वाजला. पियानोवर तो स्वतः होता. भाग तीन नव्हे, चार. काळ जवळजवळ पन्नास मिनिटे. ब्राम्स मित्रमंडळींत या अवाढव्य कृतीचा उल्लेख एक चिमुकला कॉन्चेर्टो असा करी, यावरून त्याच्या मिस्किलपणाची कल्पना यावी. यातील अवघडपण श्रोत्याच्या नजरेला जवळजवळ पडतच नाही. हात लांबलांब उड्या घेतात, बोटे ताणली जातात, दुसऱ्या भागात दोन्ही हातांचे ऑक्टेव्ह कुजबुजल्यासारखे, सलग आणि अगदी हळू वाजवायचे असतात. पण ऐकणाऱ्याला केवळ एक गूढ सावली सरकल्याचा भास होतो. चायकोव्हस्कीचे ऑक्टेव्ह आणि हे ऑक्टेव्ह कागदावर सारखेच. एकाला टाळ्या, दुसऱ्याला शांतता. वादकाला विचाराल तर दुसऱ्यांच्याच आठवणीने तो रात्री जागा असतो.

मग येतो तिसरा भाग. दोन भाग गडगडाट करून झाल्यावर ब्राम्स ट्रम्पेट आणि नगारे कायमचे बाजूला ठेवतो. पुढे ते परत येतच नाहीत. एक एकटा चेलो एक चाल छेडतो आणि पियानोवादक सुमारे दोन मिनिटे हात मांडीवर ठेवून बसून राहतो. सभागृहातील हजारो डोळे त्याच्यावर, शरीर तापलेले, नाडी धावते आहे, आणि त्याने प्रवेश करायचा आहे तो चेलोचे स्वप्न न मोडता. त्याच भागात पुढे दोन क्लॅरिनेटांच्या सोबतीने पियानो जवळजवळ थांबतोच. स्वर इतके विरळ होतात की प्रत्येकाचे वजन वेगळे ऐकू येते. या जागेला शंभरपैकी किती गुण द्यायचे, ते उतरंडवाल्यांनी सांगावे.

ब्राम्सच्या पहिल्या, डी मायनरमधील कॉन्चेर्टोचा विषय निघालाच आहे तर एका गोष्टीची कबुली प्रामाणिकपणे दिली पाहिजे. अवघडपणाला काहीच अर्थ नाही, असा माझा दावा नाही. या कृतीतील हातभर पसरलेल्या ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांची थरथर, तीही ऑक्टेव्हांत, वादकाच्या दंडातून घाम काढते. आणि तो ताण ऐकू येतो, ऐकू यावाच अशी ब्राम्सची इच्छा आहे. येथे झगडा हाच आशय आहे. त्या जागा सोप्या करून वाजवल्या तर संगीतच बदलेल. २७ जानेवारी १८५९ रोजी लाइपझिगच्या श्रोत्यांनी या कृतीला शीळ घालून हिणवले, त्याचे एक कारण हेच असावे: एवढे कष्ट दिसत होते, पण चमक मिळत नव्हती. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘किती अवघड?’ हा नसून ‘कशासाठी अवघड?’ हा आहे. ब्राम्सपाशी याचे उत्तर असते. त्या काळच्या शेकडो विस्मृत कॉन्चेर्टोंपाशी ते नव्हते, म्हणून ते विस्मृतीत गेले.

काही जण यावर म्हणतील की फादर, या साऱ्या भावनेच्या गोष्टी झाल्या. एका सेकंदात किती स्वर पडतात, हात किती ताणावा लागतो, हे मोजता येते. मोजता येते ते खरे. ठीक आहे, मोजा. मग शेंडीवर राखमानिनॉफ का? आडोल्फ हेन्सेल्टने बोटे ताणण्याचा जन्मभर ध्यास घेतला, आणि त्याचा एफ मायनर कॉन्चेर्टो त्या ताणाने भरलेला आहे. शार्ल आल्काँने १८५७ साली एकट्या पियानोसाठी, वाद्यवृंदाविना, कॉन्चेर्टो प्रसिद्ध केला. त्याचा नुसता पहिला भाग अर्धा तास चालतो. फेरुच्चो बुसोनीचा कॉन्चेर्टो १० नोव्हेंबर १९०४ रोजी बर्लिनमध्ये वाजला: पाच भाग, सत्तर मिनिटांच्या आसपास, आणि शेवटी पुरुषांचा गायनवृंदसुद्धा. नुसत्या मोजमापाने ठरवायचे तर मुकुट या तिघांपैकी एकाला मिळायला हवा. परंतु त्यांची नावे या प्रश्नाच्या उत्तरात सहसा येत नाहीत. म्हणजे मोजणारेसुद्धा मोजून बोलत नाहीत. जे गाजलेले आहे, त्यातलेच काहीतरी ते उचलतात आणि त्याला मोजमापाचे प्रमाणपत्र चिकटवतात.

शिवाय मोजायचे ते कोणाच्या हाताने? आजच्या पियानोवर एका सप्तकाची रुंदी साडेसोळा सेंटिमीटर असते. राखमानिनॉफचा पंजा दीड सप्तकाच्या आसपास पसरत असे; त्याच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या आरंभीच्या कॉर्ड त्याला सहज कवेत घेता येत. लहान पंजाच्या वादकाला त्या तोडून, खालून वर उलगडत वाजवाव्या लागतात. होफमानचे हात लहान होते आणि त्याच्यासाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले होते. उलट, स्पेनची अलिसिया दे लारोचा ठेंगणी, हातही लहान. तरीही तिने राखमानिनॉफच्या तिसऱ्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे. एकाच पानावरील तीच जागा एकाला पायवाट आणि दुसऱ्याला कडा असते. पियानोही बदलला. शोपॅनच्या काळच्या पॅरिसमधील पियानोच्या पट्ट्या हलक्या होत्या; पुढे लोखंडी सांगाडा आला, तारांचा ताण वाढला, सभागृहे अडीच-तीन हजार आसनांची झाली. शोपॅनने दिवाणखान्याच्या मापाने लिहिलेला नाजूक स्वर आज त्या विशाल सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नाजूकच ठेवून पोहोचवायचा असतो. हे नवे अवघडपण शोपॅनच्या कागदावर कोठेच लिहिलेले नाही.

शोपॅनचे दोन्ही कॉन्चेर्टो १८३० साली वॉर्सामध्ये प्रथम वाजले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. एफ मायनरमधील कॉन्चेर्टोचा संथ मधला भाग माझ्या मते या संपूर्ण कालखंडातील सर्वांत निर्दय परीक्षांपैकी एक आहे. डावा हात ठाय लयीत चालतो आणि उजवा हात त्याच्यावर सात, अकरा, कधी त्याहून अधिक स्वरांचे गुच्छ असे सोडतो की ते मात्रांत मोजूनही बसत नाहीत आणि बाहेरही पडता कामा नयेत. आपल्याकडे तान आणि आलाप यांतला फरक जाणणाऱ्या श्रोत्याला हे चटकन कळेल. गळा फिरला म्हणजे गाणे झाले, असे आपण म्हणत नाही. पियानोची तर अडचण आणखी मोठी: हातोडी तारेवर पडताक्षणीच स्वर विझू लागतो, त्याला श्वासाने फुगवता येत नाही. अशा विझणाऱ्या स्वरांची माळ ओवून गाण्याचा भास निर्माण करायचा आहे. मध्येच तंतुवाद्ये कापऱ्या स्वरात थरथरू लागतात आणि पियानो एखाद्या नाटकातील पात्रासारखा बोलू लागतो. तेथे लयच वादकाच्या हवाली केलेली असते. १९८० च्या वॉर्सा स्पर्धेत व्हिएतनामच्या डांग थाय सोनने अंतिम फेरीसाठी हीच कृती निवडली आणि तो पहिला आला.

शुमानचा ए मायनर कॉन्चेर्टो तर ‘विद्यार्थ्यांचा’ म्हणून हिणवला जातो. ४ डिसेंबर १८४५ रोजी ड्रेस्डेनमध्ये तो प्रथम वाजवला क्लारा शुमानने. ही बाई सोळाव्या वर्षी स्वतःचा कॉन्चेर्टो लाइपझिगच्या व्यासपीठावर सादर करून बसली होती, तेव्हा सोप्या-अवघडाची पारख तिला शिकवण्याची गरज नव्हती. या कृतीच्या शेवटच्या भागात तीन-तीन मात्रांची दोन आवर्तने शुमान अशी मांडतो की कानाला दोन-दोन मात्रांचे तीन गट ऐकू येतात. लिहिलेली सम एकीकडे आणि ऐकू येणारी सम दुसरीकडे. पियानो, तंतुवाद्ये आणि संचालकाची छडी या तिघांपैकी एकाचा जरी तोल गेला तरी क्षणात सारे विस्कटते. बोटांना येथे विशेष काही करायचे नसते. अशी जागा उतरंडीत तळाशी ठेवणाऱ्याने ती वाद्यवृंदाबरोबर एकदा वाजवून पाहावी.

येथवरची चर्चा केवळ रसिकांच्या कट्ट्यावरची असती, तर तिच्यासाठी मी या त्रैमासिकाची पाने अडवली नसती. परंतु या उतरंडीची किंमत माणसांनी आपल्या हातांनी मोजली आहे. शुमानचा उजवा हात ऐन विशीत निकामी झाला आणि वादक होण्याचे त्याचे स्वप्न तेथेच संपले. कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी बोटे बळकट करणाऱ्या उपकरणाचा त्याने वापर केला होता हे खरे. १८९१ च्या सुमारास मॉस्कोत शिकणारा स्क्रियाबिन आपल्या सहाध्यायी लेव्हिनवर मात करण्याच्या ईर्षेने लिस्टची ‘डॉन जुआन’वरील रचना आणि बालाकिरेव्हची ‘इस्लामे’ अहोरात्र घोकत बसला आणि उजवा हात दुखावून घेतला. अमेरिकेचा लिऑन फ्लायशर १९५२ मध्ये ब्रुसेल्सची स्पर्धा जिंकला, ब्राम्सच्या दोन्ही कॉन्चेर्टोंची त्याची ध्वनिमुद्रणे आजही आदर्श मानली जातात. आणि १९६४ च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताची बोटे आपोआप आत वळू लागली. पुढची तीस वर्षे तो एका डाव्या हातासाठी लिहिलेल्या कृती वाजवीत, वाद्यवृंद चालवीत आणि शिकवीत राहिला. उपचारांनंतर दोन्ही हातांनी तो पुन्हा वाजवू लागला तेव्हा साठी केव्हाच ओलांडली होती. अतिसराव हे त्या दुखण्याचे एक कारण मानले जाते.

आपल्या मुलांच्या हाती अजून राखमानिनॉफ नाही, तेव्हा हे आपल्याला का सांगता, असे पालक विचारतील. मुंबईत, वसईत, गोव्यात आपली कित्येक मुले ट्रिनिटीच्या किंवा रॉयल स्कूल्सच्या आठ ग्रेडच्या परीक्षांना बसतात. शिकण्यासाठी पायऱ्या हव्यातच. अगोदर सोपे, मग कठीण, या क्रमाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पायरीला देव्हारा करण्याला. चौथीतल्या मुलाने सहावी ग्रेड गाठली हे पेढे वाटून सांगितले जाते, आणि त्याने चौथीचा तुकडा कसा वाजवला होता हे कोणालाच आठवत नाही. नाताळच्या कार्यक्रमात एखादी मुलगी दोन ओळींची चाल जीव ओतून वाजवते. तिच्या पाठोपाठ एक मुलगा अर्धे स्वर गाळीत धडाधडा काहीतरी वाजवतो. आणि टाळ्या कोणाला मिळतात हे आपण सर्व जण जाणतो. त्या टाळ्या वाजवणारे हात आपलेच असतात. मुलाची चूक नाही. त्याच्या पंजाला सप्तक पुरते कवेत येत नसताना त्याच्यापुढे ऑक्टेव्हांची कृती कोणी ठेवली? मनगट दुखते म्हणून त्याने सांगितले तेव्हा ‘सवय होईल’ असे उत्तर कोणी दिले? पियानो शिकवणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की वर्षातून एकदा मुलांना एक ग्रेड खालचा तुकडा द्यावा आणि त्यावर पूर्ण तीन महिने खर्च करावेत. काही घरांतून तक्रारी येतील. त्या येऊ द्याव्यात.

हा रोग आजचा नाही. १८३७ साली पॅरिसमध्ये लिस्ट आणि थालबर्ग यांची एका सरदारकन्येच्या दिवाणखान्यात जणू झुंजच लावली गेली होती. आणि बेर्लिओझने या स्पर्धावेडाची जी थट्टा करून ठेवली आहे, ती वाचून आजही हसू आवरत नाही. पॅरिसच्या संगीतशाळेत तीसएक उमेदवार एकामागोमाग मेंडेल्सनचा जी मायनर कॉन्चेर्टो एकाच पियानोवर वाजवतात. शेवटी तो पियानो इतका भारून जातो की कोणी हात न लावताच तोच कॉन्चेर्टो पुन्हा पुन्हा वाजवीत सुटतो. कारखानदार एरार्ड धावत येतो, पट्ट्यांवर पवित्र पाणीसुद्धा शिंपडतो, पण व्यर्थ! अखेर कुऱ्हाडीने तुकडे करून त्याला आगीत टाकावे लागते. पवित्र पाण्याने उतरणारी बाधा ही नव्हे, हे माझ्या व्यवसायातील माणसाने मान्य करायला हरकत नाही.

लिस्टचे नाव निघाले तेव्हा त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या युगातील सर्वांत अवघड संगीत त्याने लिहिले आणि वाजवले, आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८४७ मध्ये, पैशांसाठी मैफिली करण्याचे कायमचे सोडून दिले. १८६५ मध्ये रोममध्ये त्याने धर्मसेवेचे प्राथमिक दीक्षाविधी स्वीकारले, आणि लोक त्याला आबे लिस्ट म्हणू लागले. १८७० साली तरुण एडवर्ड ग्रीग आपल्या ए मायनर कॉन्चेर्टोचे हस्तलिखित घेऊन त्याला भेटायला गेला. हा तोच कॉन्चेर्टो, जो आज उतरंडीच्या तळाशी ठेवला जातो. लिस्टने तो पूर्वी न पाहता, वाद्यवृंदाच्या स्वरांसकट, तेथल्या तेथे वाजवून काढला. ग्रीगने घरी लिहिलेल्या पत्रात ही हकीकत सविस्तर कळवली आहे. त्या साऱ्या वादनात लिस्टला थांबवून ठेवणारी जागा ऑक्टेव्हांची नव्हती, कॅडेंझाची नव्हती. शेवटच्या पानांवर मुख्य चाल भव्य रूपात परत येते तेव्हा तिच्यात जी शार्पऐवजी साधा जी येतो. तेथे पोहोचताच अठ्ठावन्न वर्षांचा तो वृद्ध वादक खुर्चीवरून उठला, हात उंचावून ती चाल मोठ्याने गात दालनात चालू लागला, आणि त्या एका जीपाशी येताच त्याने सम्राटासारखा हात पुढे फेकून आनंदाने आरोळी ठोकली. मग तो पियानोपाशी परत गेला आणि तेवढीच ओळ त्याने पुन्हा एकदा वाजवली.